ब्रेकबाईंच्या गाडीचं ॲव्हरेज

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना विद्यार्थ्यांनी दिलं, आणि विद्यार्थ्यांनी एकदा नाव पाडलं की ते जन्मभर पुरतं. बाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायच्या. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटसमोर दोन जादा पेडलं बसवलेली असतात, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. शिकणाऱ्याने घोळ घातला तर शिकवणाऱ्याला गाडी आवरता यावी म्हणून. बाई तिथे बसत. एखादं मांजर रस्ता ओलांडायच्या नुसत्या विचारात दिसलं, तरी बाईंचा पाय खाली गेलेला असे आणि गाडी जागच्या जागी उभी. शिकणाऱ्याला वाटे, वा, काय झकास थांबवली आपण. आठवड्याभराने त्याच्या लक्षात येई की ते आपण नव्हतोच, आणि मग तो नव्या बॅचला सांगे, घाबरू नका रे, शेजारी ब्रेकबाई आहेत.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका शिकाऊ माणसाने वळणावर एका सायकलवाल्याला उडवलं. बाईंनी ब्रेक दाबला होता, पण जरासा उशिरा. सायकलवाल्याचा पाय दोन महिने प्लॅस्टरमध्ये होता. बाई त्याला फळं घेऊन भेटायला गेल्या, तर तोच बिचारा यांची समजूत काढत बसला की हाड आहे, जुळेल, तुम्ही कशाला रडता. हाड जुळलंही. बाईंनी मात्र कानाला खडा लावला. त्या दिवसापासून बावीस वर्षं त्यांचा पाय ब्रेकवरून हलला नाही, आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्यांनी कुणाला साधं खरचटवलंही नाही. स्कूलचे मालक हे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत.

बाईंचे यजमान म्हणजे शांत गडी. त्यांना आपण नवरोबा म्हणू, कारण बाईही मैत्रिणींत त्यांना तसंच म्हणत. ते वजनकाट्यांच्या कारखान्यात तयार काटे तपासायचं काम करत. काट्याच्या ताटलीवर ठराविक वजन ठेवायचं, काटा खरं बोलतो का ते बघायचं, आणि नसेल बोलत तर परत पाठवायचा. स्वतः बोलायला अगदी काटकसरी. घरात भांडण व्हायचं असलं तर ते एकट्या बाईंनाच करावं लागे, दोन्ही बाजूंनी.

लग्नानंतर बाईंनी त्यांनाही गाडी शिकवली होती, स्कूलच्याच गाडीवर. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं होतं की गाडी नक्की कोण चालवतंय. बाई म्हणाल्या, तुम्हीच की. नवरोबांनी पुढे काही विचारलं नाही. लायसन्स काढलं, पाकिटात ठेवलं, मुदत संपली की वेळच्या वेळी नवं करून घेतलं, आणि गाडीच्या स्टिअरिंगला काही पुन्हा हात लावला नाही.

तर झालं असं, की कारखाना शहराबाहेर गेला. चांगला दूर, मोठ्या रस्त्याने शहर संपून मोकळी जागा लागते त्याच्याही पुढे. संध्याकाळी कारखान्याची बस माणसांना शहरात आणून सोडणार होती, पण सकाळी ती कारखान्यातून रात्रपाळीची माणसं घेऊन शहरात यायची, त्यामुळे जाण्याची सोय ज्याची त्याने बघायची. आणि सकाळची पाळी इतकी लवकर की पहिली सार्वजनिक बस पोचेपर्यंत गेट बंद. नवरोबांबरोबर काम करणारा एक जण होता, काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. पैलवानाने कारखान्याजवळ एक खोली बघून ठेवली. दोघांत घेऊ, तो म्हणाला, आठवडाभर तिथे राहायचं, सुट्टीला घरी जायचं.

नवरोबांनी हे घरी जेवताना सांगितलं, मीठ मागावं तितक्या सहज. बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांची मुलगी शिकायला परगावी गेलेली, घरात ही दोनच माणसं. संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी चहा घेत बसत, आणि बाई दिवसभरात कोणी कुठला गिअर टाकला, कोण रिव्हर्समध्ये पुढे बघत होतं, सगळं रंगवून सांगत. नवरोबा ऐकत आणि मधेच पोट धरून हसत. आता तो चहा एकटीने प्यायचा? दिवसभराचं कोणाला सांगायचं, भिंतीला? त्या म्हणाल्या, खोलीबिली काही नाही, आपण गाडी घेऊ. मी रोज सकाळी सोडीन आणि परत येऊन माझे क्लास घेईन.

आश्चर्य म्हणजे आयुष्य गाडीत घालवलेल्या या बाईंची स्वतःची गाडी कधी नव्हती. शोरूममधल्या टायवाल्या पोरग्याने लिटरला बावीस देईल म्हणून छातीठोक सांगितलं, आणि त्या आकड्यावर महिन्याच्या पेट्रोलचं गणित बसत होतं. गाडी लहान, पांढरी, आत नव्या रेक्झिनचा वास. नवरोबांनी फक्त एवढंच म्हटलं की पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत बघू. जमलं तर उत्तम, नाहीतर खोली आहेच. पैलवान तोपर्यंत खोलीमालकाला थोपवून धरणार होता.

आणि गाडीने दिलं तेरा.

पहिल्या टाकीला बाई म्हणाल्या, नवी आहे, अंग आखडलंय तिचं. दुसऱ्या टाकीलाही तेराच. समोरच्या पट्टीवर तो आकडा हिरव्या अक्षरांत दिसायचा. तेराने गणित जमत नव्हतं, तेरा म्हणजे खोली.

मग सल्ले सुरू झाले. गाडीचं ॲव्हरेज हा असा विषय आहे की ज्याने जन्मात सायकलही घेतली नाही तोही त्यात जाणकार असतो. बाईंचे धाकटे दीर म्हणाले, वहिनी, टायरमधली हवा बघा. बघितली, दर आठवड्याला बघितली, पंपावरचा हवा भरणारा माणूस त्यांना लांबून ओळखायला लागला. शेजारीण म्हणाली, डिकी रिकामी करा. डिकीत होतं काय, एक छत्री आणि पाण्याचा कॅन, तेही काढलं. कोणी म्हणालं काचा बंद ठेवा, कोणी म्हणालं उघड्या ठेवा आणि एसी बंद करा. बाईंनी पंप बदलला, परत पहिल्या पंपावर आल्या. एसी बंद ठेवून दोघं इतके उकडून निघायचे की नवरोबा कारखान्यात पोचल्यावर आधी सदरा वाळवत उभे राहायचे. आकडा तेराचा साडेतेरा झाला, आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेरा.

नवरोबा शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसत, समोर बघत. एकदाही तोंडातून शब्द नाही. बाईंना वाटे, किती समजूतदार माणूस.

पहिल्या सर्व्हिसिंगचा दिवस आला तेव्हा बाई पदर खोचूनच गेल्या. आज शोरूमवाल्यांची खरडपट्टी काढायची, हे त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरने सगळं ऐकून घेतलं, गाडी आत नेली, वर चढवली, चाकं उतरवली. बाई काचेच्या खोलीत बसून भांडणाची उजळणी करत होत्या. तासाभराने तो बाहेर आला, हात पुसत, जरा अवघडलेला.

"बाई, राग मानू नका," तो म्हणाला, "पण ही गाडी शिकवायला वापरता का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःची नवी कोरी गाडी शिकाऊ माणसांच्या हातात द्यायला त्यांना काय वेड लागलंय? त्या गाडीला त्यांच्याशिवाय कोणाचा हात लागलेला नाही, हे त्यांनी चढ्या आवाजात ऐकवलं. सुपरवायझर बिचारा म्हणाला, तसं नाही, पण ब्रेकचे पॅड इतक्या लवकर इतके झिजलेले मी फक्त ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांना बघतो, आणि क्लचचंही तेच, बाकी इंजिनात काहीही दोष नाही.

त्यावर बाई दुसरं वाक्य बोलणार होत्या, ते तयारही होतं. ते तोंडातच राहिलं. स्कूलच्या गाडीचे पॅड दर थोड्या महिन्यांनी बदलावे लागत आणि त्याच मालकांना सांगत की बाहेरच्या गाड्यांना हे वर्षानुवर्षं टिकतात. त्यांनी मुकाट्याने सह्या केल्या आणि किल्ली घेतली. भांडण तसंच राहिलं.

घरी येताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांकडे लक्ष दिलं. आणि त्या चाटच पडल्या. एक पाय क्लचवर नुसता विसावलेला, उचलायचं नावच नाही. याच गोष्टीवरून त्या दिवसातून दहा जणांना झापत. दुसरा पाय जरा कुठे ॲक्सिलरेटरवर टेकतो न टेकतो, तोच पुढे एखादं फाटक, एखादी हातगाडी, एखादा फुटपाथवर उभा माणूस दिसायचा आणि पाय ब्रेकवर. मग परत दुसरा गिअर, परत वेग, परत ब्रेक. चौथा गिअर त्यांनी टाकला होता कधी? शिकवताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्याच्या वर जातेच कुठे! आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की बावीस वर्षं आपल्यासमोर क्लच होता, ब्रेक होता, पण ॲक्सिलरेटर नव्हताच. तो नेहमी दुसऱ्याच्या पायाखाली असायचा. घरी पोचेपर्यंत त्यांना दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी त्या काही सांगत नव्हत्या. नवरोबांनी दोनदा त्यांच्याकडे बघितलं. शेवटी बाईंनीच विचारलं.

"खरं सांगा. मी गाडी कशी चालवते?"

नवरोबांनी कप खाली ठेवला. काटा तपासताना करत तसा थोडा वेळ घेतला.

"तू चालवत नाहीस," ते म्हणाले. "तू थांबवतेस."

"तुम्हाला कधीपासून कळलंय?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? तीन महिने मी टायरमध्ये हवा भरत फिरतेय."

नवरोबांनी कप बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तुला हे सांगण्यापेक्षा खोली घेणं सोपं वाटलं."

बाईंना हे इतकं लागलं की त्या उठून गॅसपाशी गेल्या आणि रिकामं पातेलं घासत राहिल्या. हा माणूस आपल्याला एक वाक्य सांगण्यापेक्षा घर सोडायला तयार होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, आणि इतकी भीती वाटावी आपली? राग आला, रडूही आलं, आणि मनातल्या मनात हेही कळत होतं की तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं होतं गाडी कोण चालवतंय, तेव्हा आपण खोटं बोललो होतो.

पण रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. पैलवानाने महिनाअखेरपर्यंतची मुदत आणली होती. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी स्वतःला शिकवायला घेतलं, आणि विद्यार्थी म्हणून त्या महाकठीण निघाल्या. "पाय काढा क्लचवरून," त्या स्वतःलाच मोठ्याने म्हणत. "लांब बघा. तो माणूस उभा आहे, त्याला उभं राहू द्या." लांबून सिग्नल लाल दिसला की पाय नुसता उचलायचा, गाडी आपोआप मंदावते, तोवर हिरवा होतो. मोकळ्या रस्त्यावर चौथा टाकायचा, मग पाचवा. पाचव्या गिअरला इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला तेव्हा गाडी बंद पडली असंच त्यांना वाटलं.

आकडा हलला. पण गंमत अशी, की नवरोबांना सोडून एकट्या परत येताना तो वीस दाखवायचा, आणि सकाळी नवरोबा शेजारी बसले असताना पंधरासुद्धा ओलांडायचा नाही. रस्ता तोच, गाडी तीच, बाई त्याच. परतीच्या वाटेवर समोरून ट्रक आला तर त्या शांतपणे बाजू देत. तोच ट्रक सकाळी दिसला की पाय खाली. शेजारी माणूस बसला की बाईंच्या पायाला एकच गोष्ट ठाऊक होती, या माणसाला काही होता कामा नये. आणि हा तर साधा विद्यार्थी नव्हता.

बाईंनी खूप प्रयत्न केला. दातओठ आवळून बघितले, गाणं म्हणून बघितलं. पायाने हात टेकायला लावले. महिना संपत आला, आणि एका सुट्टीच्या दिवशी त्या नवरोबांना घेऊन स्कूलच्या सरावाच्या मैदानावर गेल्या, गाडीतून उतरल्या आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. बसा, म्हणाल्या. नवरोबा बघतच राहिले. बाई म्हणाल्या, मी आत बसले तर तुम्हाला शिकता यायचं नाही, मी बाहेरूनच सांगते.

मैदानावर त्या दिवशी जे चाललं होतं ते बघायला स्कूलचे मालकही चहाचा कप घेऊन बाहेर आले. नवरोबा गाडी चालवत होते आणि ब्रेकबाई दहा हातांवरून, चपला हातात घेऊन, बरोबरीने चालत सूचना देत होत्या. गाडी दोनदा बंद पडली. एकदा कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंपाकडे निघाली, तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तर गाडी पिंपाच्या अलीकडे उभी, नवरोबांनीच थांबवलेली. त्या पुढच्या सुट्टीला परत गेल्या, आणि मधल्या संध्याकाळीही. माणूस काट्याच्या कामातला, पायात अंदाज होता. एवढी वर्षं वापरलाच नव्हता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी नवरोबा स्टिअरिंगवर बसले आणि बाई शेजारी. इथे पेडल नव्हतं, पण पायाला ते कोण सांगणार? गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत बाईंनी सपाट जमीन चार वेळा दाबली. प्रत्येक वेळी नवरोबांचा खांदा आखडला. तेव्हा बाईंनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर सरळ मांडी घालून बसल्या. जन्मभर विद्यार्थ्यांना गाडीत नीट बसायला शिकवलेली बाई, आणि बसली होती जेवायला बसावं तशी. दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरलेले.

नवरोबांनी एकदा बघितलं आणि ओठ आवळून धरले, पण हसू काही आवरलं नाही. मग ते पुढे बघून चालवायला लागले. शहर संपलं. मोठ्या रस्त्यावर त्यांनी चौथा टाकला, पाचवा टाकला. एक ट्रक बाजूने घोंघावत गेला, बाईंची बोटं गुडघ्यात रुतली, गाडी मात्र सरळ चालत राहिली. पुढे एका वळणावर एक सायकलवाला डोक्यावर टोपी घालून रमतगमत चालला होता. बाईंनी तोंडाशी आलेला शब्द गिळला. नवरोबांनी आधीच पाय उचलला होता. गाडी हळू झाली, सायकलवाल्याला ऐसपैस जागा देऊन पुढे गेली. सायकलवाल्याने मान वळवूनही बघितलं नाही.

गेटपाशी पैलवान उभाच होता. खोलीमालकाचा माणूस दुपारी येणार होता. त्याने खिडकीतून आत डोकावून विचारलं, काय ठरलं मग, आणि मांडी घातलेल्या बाईंना बघून घाईघाईने नमस्कार केला.

"खोली तू घे," नवरोबा म्हणाले. "मी घरी जाणार रोज."

पैलवान गेला. पट्टीवर हिरव्या अक्षरांत काय आकडा आहे ते दोघांनीही बघितलं नव्हतं. बाई पाय खाली सोडून चपला शोधू लागल्या, पाय पार बधिर झाले होते. नवरोबा उतरले, वळसा घालून त्यांच्या बाजूला आले आणि दार उघडून उभे राहिले.

"उद्यापासून मी एकटा येईन," ते म्हणाले. "संध्याकाळी गाडी घेऊनच परततो."

"आणि मी काय करू सकाळी?"

"झोप," नवरोबा म्हणाले. "बावीस वर्षं जागीच आहेस तू. शेजारी बसून रोज बघत होतो. ते बघवत नव्हतं, म्हणून खोलीच बरी वाटायला लागली होती."

आणि भोंगा झाला म्हणून ते गेटातून आत गेले. बाई स्टिअरिंगवर जाऊन बसल्या. मागून कारखान्याचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, वॉचमन हात करत होता, पण डोळे पुसून होईपर्यंत बाईंनी गाडी काही हलवली नाही.